संध्याकाळी अडकणारा काटा: पायथॉनमधली मेमरी आणि थ्रेड तपासायची रीत

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात कापूस यायला लागला की जिनिंगच्या फाटकावरचा वजनकाटा पहाटेपासून रात्रीपर्यंत थांबत नाही. काट्याशेजारच्या खोलीत एक जुना पीसी असतो. बऱ्याच ठिकाणी त्यावर ओळखीतल्या कोणा पोरानं लिहून दिलेला पायथॉनचा प्रोग्राम चालतो. इंडिकेटरवरून (काट्याचा आकडा दाखवणारी पेटी) वजन घ्यायचं, गाडीचा फोटो काढायचा, पावती छापायची, नोंद ठेवायची आणि नेट असेल तर ती मुख्य कार्यालयात पाठवायची, एवढं त्याचं काम. तक्रारही ठरलेलीच असते: "भाऊ, सकाळी बराबर चालते. चार वाजले का अटकून राहते. बंद करून चालू केलं का पुन्हा बराबर."

बंद करून चालू केल्यावर सुधारतो, याचा अर्थ वायर, काटा आणि प्रिंटर यांची बहुधा काही चूक नाही. चालू प्रोग्रामच्या पोटात एक तर काहीतरी साठत जातंय, नाहीतर दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामात शेजारी-शेजारी चालणारी दोन कामं, एकमेकांची वाट बघत बसलेत. पहिली गोष्ट मेमरीची, दुसरी थ्रेडची. शोध मात्र दोन्हींचा एकाच प्रश्नानं लागतो: ही वस्तू आत्ता कोणी धरून ठेवली आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी आहेत.

इथे पायथॉन म्हणजे नेहमीचा सीपायथॉन, पायथॉनच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतो तो. एक सूचना: पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं, म्हणून खालच्या नमुन्यांत मी मराठी नावं वापरली आहेत. 'विथ', 'डेल' असे भाषेचे स्वतःचे शब्द आणि लायब्ररीतली नावं मात्र टाइप करताना रोमन अक्षरांतच टाकायची.

आधी मशीन ओळखा

विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती म्हणजे पायथॉन ३.८. ३.९ पासून विंडोज ८.१ किंवा त्यापुढचं लागतं. गावाकडच्या काट्यावर म्हणूनच ३.८ भेटतो, आणि त्याची वागणूक नव्या आवृत्त्यांपेक्षा काही बाबतींत वेगळी आहे. त्या जागा ओघात येतीलच.

'सिस डॉट मॅक्ससाइझ' छापून बघा. २१४७४८३६४७ आला तर पायथॉन ३२-बिट आहे. विंडोजवर अशा प्रोसेसला साधारण २ जीबीच जागा मिळते, मग मशीनमध्ये ४ जीबी रॅम असो की ८. 'रॅम वाढवली तरी अडकतोच' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

चालत्या काट्यावर प्रयोग करू नका. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना कोणी तुम्हाला निवांत डीबग करू देणार नाही. सिरीअल पोर्टवरून (काट्याची वायर पीसीला जिथे जोडतात तिथून) येणाऱ्या कच्च्या ओळी एक दिवस वेळेसकट फाइलमध्ये उतरवून घ्या. मग पोर्टसारखाच 'रीड' असलेला एक छोटा क्लास लिहा, जो त्याच ओळी त्याच वेगानं परत देईल. हा खोटा काटा घरच्या लॅपटॉपवर रात्रभर चालतो, आणि वेग दसपट केला तर हंगामाचा आठवडा एका रात्रीत उरकतो.

मोजल्याशिवाय काही बदलू नका

दर पाच मिनिटांनी लॉग फाइलमध्ये एक ओळ लिहा. तिच्यात वेळ, प्रोसेसची मेमरी ('पीएसयुटिल' लायब्ररी देते), 'जीसी डॉट गेट_काउंट' (जीसी म्हणजे गार्बेज कलेक्टर, त्याचं पुढे येईल), 'लेन(जीसी डॉट गेट_ऑब्जेक्ट्स())', चालू थ्रेडची संख्या आणि प्रत्येक क्यूची, म्हणजे एका थ्रेडनं दुसऱ्यासाठी कामं टाकायच्या रांगेची, लांबी असू द्या. शेवटचा आकडा लोक विसरतात, आणि खरं कारण हटकून तिथेच सापडतं.

आलेख काढायची गरज नाही, ओळी नुसत्या वाचल्या तरी कळतं. मेमरी सकाळी चढून एका पातळीवर थांबली असेल तर चिंता नको. पायथॉनचा मेमरी वाटणारा भाग ५१२ बाइटपर्यंतच्या छोट्या वस्तूंसाठी मोठे तुकडे घेऊन ठेवतो, आणि तुकड्यातली एक जरी वस्तू जिवंत असली तरी तो अख्खा तुकडा विंडोजला परत जात नाही. त्यामुळे टास्क मॅनेजरमधला आकडा खाली आला नाही, म्हणून लगेच गळती समजायचं कारण नाही. आकडा दर गाडीमागे वाढत असेल तर मात्र काहीतरी धरलं जातंय. आणि मेमरी स्थिर, क्यू रिकामा, तरी स्क्रीन गोठलेली असेल तर सरळ थ्रेडच्या भागाकडे जा.

वस्तू मरते कधी

सीपायथॉनमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टसोबत एक मोजणी असते: आपल्याला किती ठिकाणांहून धरलं आहे. नवं नाव दिलं, यादीत टाकलं, फंक्शनला दिलं की मोजणी वाढते. नाव सुटलं की कमी होते. शून्य झाली की वस्तू त्याच क्षणी मरते, कोणाची वाट बघत नाही. 'सिस डॉट गेटरेफकाउंट' ही मोजणी दाखवतं, पण ३.८ मध्ये आकडा अपेक्षेपेक्षा एकानं जास्त येतो, कारण विचारताना त्या फंक्शननंही ती वस्तू धरलेली असते.

नव्वद टक्के काम या मोजणीवरच भागतं, असं म्हटलं तरी चालेल. अडचण येते वर्तुळात. समजा 'गाडी' ऑब्जेक्टमध्ये 'पावती' ठेवली आणि पावतीत परत 'गाडी' ठेवली:

गाडी.पावती = पावती
पावती.गाडी = गाडी
डेल गाडी, पावती

बाहेरची दोन्ही नावं गेली, तरी दोघांची मोजणी एक-एक उरतेच. गोठ्यात दोन बैल खुंट्याला न बांधता एकमेकांच्याच दाव्याला बांधले तर जे होईल तेच. खुंट्यावरून बघाल तर कोणीच बांधलेलं नाही, आणि तरी एकही सुटत नाही. ही वर्तुळं शोधण्यासाठी २००० साली आलेल्या पायथॉन २.० मध्ये वेगळा गार्बेज कलेक्टर, म्हणजे अशा वस्तू झाडून काढणारा भाग, आला. तो फक्त यादी, डिक्शनरी, क्लासचे ऑब्जेक्ट अशा इतरांना धरू शकणाऱ्या वस्तूंवर नजर ठेवतो. आकडे आणि अक्षरमाला (स्ट्रिंग) त्याच्या यादीत नसतात, कारण त्या कोणाला धरतच नाहीत.

त्याची पद्धत अशी. हाताखालच्या सगळ्या वस्तूंच्या मोजण्यांची एक प्रत घ्यायची आणि त्या प्रतीतून त्यांनी एकमेकांना धरलेले धागे वजा करायचे. वजाबाकीनंतर ज्यांची मोजणी शून्याच्या वर उरली त्यांना बाहेरून कोणीतरी धरलंय, त्या जिवंत. त्यांच्याकडून जिथे-जिथे पोचता येतं त्याही जिवंत. उरलेल्या नुसत्या वर्तुळात फिरत होत्या, त्या जातात.

हे काम पिढ्यांत वाटलेलं आहे: झाडणीतून वाचलेली वस्तू पुढच्या पिढीत जाते. ३.८ मध्ये 'जीसी डॉट गेट_थ्रेशोल्ड' विचारलं की ७००, १०, १० असं उत्तर येतं. नव्यानं झालेल्या अशा वस्तूंची संख्या मेलेल्यांपेक्षा ७०० नं पुढे गेली की पहिल्या पिढीची झाडणी होते. तशा दहा झाल्यावर दुसरीची, आणि दुसरीच्या दहा झाल्यावर तिसरीची पाळी येते. तिसऱ्या पिढीला आणखी एक अट आहे: मागच्या पूर्ण झाडणीतून तगलेल्या वस्तूंच्या एक चतुर्थांशाहून जास्त नव्या वस्तू साठल्या तरच पूर्ण झाडणी. म्हणून मोठ्या प्रोग्राममध्ये ती क्वचित होते, आणि होते तेव्हा सगळे थ्रेड तेवढा वेळ थांबतात. हा थांबा किती, हे अंदाजानं ठरवू नका. 'जीसी डॉट कॉलबॅक्स' या यादीत आपलं एक फंक्शन टाका. झाडणी सुरू होताना आणि संपताना त्याला हाक येते, पिढी कोणती आणि किती वस्तू गेल्या हेही मिळतं. दोन वेळांची वजाबाकी केली की थांबा हाती येतो. काट्याच्या प्रोग्रामात तो बहुधा डोळ्याला जाणवण्याइतका नसतो. जाणवत असेल तर जिवंत वस्तूच फार झाल्यात, आणि तो आजार वेगळा आहे.

वर्तुळात अडकलेलं काय-काय आहे ते बघायचं असेल तर लॅपटॉपवर 'जीसी डॉट सेट_डीबग' ला 'डीबग_सेव्हऑल' द्या. खोटा काटा थोडा वेळ चालवा, 'जीसी डॉट कलेक्ट' करा आणि 'जीसी डॉट गार्बेज' मधल्या वस्तूंचे प्रकार मोजा. 'गाडी ३४०, पावती ३४०' असं काही दिसलं की वर्तुळ सापडलं. खऱ्या काट्यावर हे कधीही चालू ठेवू नका, कारण या अवस्थेत झाडलेलं सगळं जपून ठेवलं जातं.

वर्तुळ तोडायला 'वीकरेफ' वापरा, म्हणजे मोजणी न वाढवता वस्तू दाखवणारा दुवा. गाडीनं पावती धरावी आणि पावतीकडे गाडीचा फक्त कच्चा पत्ता असावा. त्याहून साधं म्हणजे पावतीत अख्खी गाडी न ठेवता गाडीचा नंबर ठेवणं. मला हे दुसरंच आवडतं.

कलेक्टरचा दोष नसतो तेव्हा

आता खरं दुखणं. गार्बेज कलेक्टर फक्त अनाथ वस्तू उचलतो. तुम्ही धरलेली वस्तू तो कधीच उचलणार नाही, ती तुम्हाला पुन्हा कधी लागणार नसली तरी. काट्यावरच्या बहुतेक 'गळत्या' या जातीच्या असतात, आणि तिथे 'जीसी डॉट कलेक्ट' दर मिनिटाला मारून पीसी फक्त आणखी मंद होतो.

फोटोचं उदाहरण घ्या. १९२० गुणिले १०८० आकाराचा रंगीत फोटो मेमरीत उघडला की प्रत्येक बिंदूला ३ बाइट धरून ६२,२०,८०० बाइट होतात, म्हणजे सुमारे ६ एमबी. डिस्कवर त्याची जेपेग फाइल लहान असते म्हणून फसायला होतं. गाडी भरलेली येताना एक आणि रिकामी जाताना एक असे दोन फोटो, म्हणजे गाडीमागे १२ एमबी. हे फोटो पाठवणाऱ्या क्यूमध्ये तसेच टाकले आणि दुपारी नेट गेलं, तर शंभर गाड्यांत १.२ जीबी भरतात. ३२-बिट प्रोसेस १६०-१७० गाड्यांच्या आत गुदमरते, प्रत्यक्षात त्याही आधी. दुपारनंतर आवक वाढते आणि अटकायची वेळ चार वाजताची ठरते, ती अशी.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. क्यूमध्ये फोटो टाकायचा नाही, डिस्कवरच्या फाइलचं नाव टाकायचं. आणि 'क्यू डॉट क्यू' बनवताना 'मॅक्ससाइझ' द्यायचा, समजा ५०. काहीच दिलं नाही तर क्यूला मर्यादा नसते. क्यू भरला की 'पुट' थांबतो, म्हणून 'पुट' ला टाइमआउट द्या आणि 'फुल' एरर आला की नोंद डेटाबेसमध्ये 'पाठवायची बाकी' अशी खूण करून सोडून द्या. रात्री नेट आलं की पाठवणारा थ्रेड तिथून उचलेल. पाठवायच्या कामासाठी 'थ्रेडपूलएक्झिक्युटर' वापरला असेल तर लक्षात घ्या, त्याचा आतला क्यूसुद्धा बिनमर्यादेचा असतो.

आणखी तीन ठिकाणं हमखास तपासा. एक, आलेल्या एरर एका यादीत जमा करणारा कोड. एररच्या ऑब्जेक्टला ट्रेसबॅक (एरर कुठल्या ओळींतून आला त्याची साखळी) चिकटलेला असतो, ट्रेसबॅकला त्या वेळची फ्रेम (चालू फंक्शनची स्थिती), आणि फ्रेमला त्या फंक्शनमधली सगळी व्हेरिएबल, फोटोसकट. एररचा मजकूर ठेवा, एरर ठेवू नका. दोन, क्लासच्या मेथडवर लावलेला, आधीची उत्तरं साठवून ठेवणारा 'एलआरयू_कॅश'. तो त्या ऑब्जेक्टलाच धरून बसतो. तीन, 'आजच्या गाड्या' नावाची डिक्शनरी, जी उद्याही रिकामी होत नाही.

कुठली ओळ मेमरी खाते हे शोधायला ३.४ पासून 'ट्रेसमॅलॉक' सोबतच मिळतो. प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीला तो सुरू करा, दहा गाड्यांनंतर एक स्नॅपशॉट घ्या, शंभर गाड्यांनंतर दुसरा, आणि 'कंपेअर_टू' नं फरक काढा. सर्वांत जास्त वाढलेल्या ओळी फाइलच्या नावासकट वर येतात. यानं प्रोग्राम मंदावतो, म्हणून हेही लॅपटॉपवरच. ओळ सापडूनही कोण धरतंय ते उमगत नसेल तर एका नमुना वस्तूवर 'जीसी डॉट गेट_रेफरर्स' चालवा. उत्तरात बहुधा एखादी डिक्शनरी किंवा यादी दिसते, आणि तिच्या आतल्या मालावरून ती कोणाची ते ओळखता येतं.

उलटा प्रकारही होतो. टीके-इंटरमध्ये (पायथॉनची खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी; ती आतून टीके वापरते) 'फोटोइमेज' एखाद्या फंक्शनमध्ये बनवून लेबलला लावली आणि फंक्शन संपलं की फोटोच्या जागी कोरी चौकट दिसते. टीके आपल्या बाजूनं पायथॉनची ती वस्तू धरत नाही. फंक्शनबरोबर नाव गेलं, मोजणी शून्य झाली, फोटो मेला. 'लेबल.फोटो = फोटो' एवढी एक ओळ लिहिली की काम होतं.

थ्रेड: किती आणि कशाला

काट्याला चार थ्रेड पुरतात. स्क्रीनचा मुख्य थ्रेड, पोर्ट वाचणारा, डेटाबेसमध्ये लिहिणारा आणि नेटवर पाठवणारा. यापेक्षा जास्त दिसले तर प्रत्येकाचं कारण विचारा. गाडीमागे एक नवा थ्रेड काढणारे प्रोग्राम भेटतात, आणि नेट अडकलं की ते थ्रेड संध्याकाळपर्यंत साठत जातात.

सीपायथॉनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवतो. त्यासाठी जीआयएल नावाचं एक सामाईक कुलूप आहे. वरची मोजणी दोन थ्रेडनी एकदम बदलली तर ती बिघडेल, हे या कुलपामागचं मोठं कारण. ३.२ पासून नियम असा आहे की दुसरा कोणी वाट बघत असेल तर चालू थ्रेडला ५ मिलिसेकंदांनी कुलूप सोडायला सांगितलं जातं. पोर्ट वाचणं, नेटवर पाठवणं, डिस्कवर लिहिणं, 'स्लीप' अशी वाट बघण्याची कामं करताना थ्रेड ते आपणहून सोडतो. काट्याचं बहुतेक काम वाट बघण्याचंच आहे, त्यामुळे इथे जीआयएलच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

पण जीआयएल तुमचा हिशोब सांभाळत नाही. हे एकदा जवळून बघा. समजा जिनिंगला दोन काटे आहेत, प्रत्येकाचा एक थ्रेड, आणि दोघेही दिवसाची एकूण बेरीज अशी वाढवतात:

एकूण = एकूण + वजन_वाचा()

पायथॉन उजवीकडची बाजू डावीकडून वाचत जातो. पहिल्या थ्रेडनं 'एकूण' उचलला, ४१२ क्विंटल. मग 'वजन_वाचा' मध्ये शिरून तो पोर्टवर थांबला आणि जीआयएल सुटला. दुसऱ्या थ्रेडनंही ४१२ उचलला, त्याचं वजन लगेच आलं १८, त्यानं ४३० लिहिला. आता पहिल्याला वजन मिळालं २३. त्याच्या हातात जुना ४१२ आहे, तो ४३५ लिहितो. खरी बेरीज ४५३. अठरा क्विंटल कापूस हिशोबातून गेला, एरर कुठेही नाही, आणि संध्याकाळी पावत्यांची बेरीज जुळेना म्हणून बिचाऱ्या ऑपरेटरला बोलणी.

दुरुस्त असा:

वजन = वजन_वाचा()
विथ कुलूप:
    एकूण = एकूण + वजन

'कुलूप' म्हणजे 'थ्रेडिंग डॉट लॉक'. वाचन कुलपाच्या बाहेर आहे, हे महत्त्वाचं. पोर्टवर थांबलेला थ्रेड कुलूप घेऊन थांबला तर बाकीचेही अडकतात. लॉकच्या आत नेट, पोर्ट, प्रिंटर यांपैकी काहीही येऊ देऊ नका. इंटरनेटवर नुसत्या 'एकनं वाढवा' चा नमुना चालवून 'बघा, आकडा बरोबर येतो, लॉक लागत नाही' असं दाखवणारे भेटतील. ३.१० पासून थ्रेडची अदलाबदल फंक्शनच्या सुरुवातीला आणि लूप मागे वळताना तेवढी होते, म्हणून तो नमुना आता सहसा चुकत नाही. भाषेनं तशी हमी दिलेली नाही, आणि वरच्यासारखं मध्ये फंक्शन आलं की हिशोब कोणत्याही आवृत्तीत चुकू शकतो.

खरं तर बेरीज दोन थ्रेडनी करूच नये. दोघांनी वजन क्यूमध्ये टाकावं आणि डेटाबेसवाल्या एकाच थ्रेडनं बेरीज आणि नोंद करावी. एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसलाही हेच सोयीचं. पायथॉनमध्ये त्याचं कनेक्शन ज्या थ्रेडनं उघडलं त्यानंच वापरायचं अशी मुळातली अट आहे. ती 'चेक_सेम_थ्रेड' नं बंद करता येते म्हणून लोक बंद करतात. करू नका.

स्क्रीनलाही मुख्य थ्रेडशिवाय कोणी हात लावायचा नाही. मुख्य थ्रेडनं टीके-इंटरचं 'आफ्टर' (इतक्या वेळानं हे फंक्शन चालव, असं सांगणारं) वापरून दर १०० मिलिसेकंदांनी क्यू बघावा आणि आलेलं वजन दाखवावं.

इथे एक धोका आहे, आणि तो पैशांचा आहे. पोर्ट वाचणारा थ्रेड एररनं मेला तरी बाकी प्रोग्राम चालूच राहतो. खिडकीविना चालणाऱ्या 'पायथॉनडब्ल्यू' मध्ये एरर छापायला जागाच नसते. स्क्रीनवर मागच्या गाडीचं वजन तसंच राहतं आणि पुढच्या गाडीला तेच लागतं. म्हणून प्रत्येक वजनासोबत वेळ ठेवा, आणि वजन २ सेकंदांपेक्षा जुनं असेल तर आकड्याच्या जागी रेघा दाखवा, पावतीचं बटण बंद करा. ३.८ पासून मिळणाऱ्या 'थ्रेडिंग डॉट एक्सेप्टहुक' मध्ये आपलं फंक्शन लावून थ्रेड का मेला ते फाइलमध्ये लिहून घ्या.

कलेक्टर आणि थ्रेड जिथे एकमेकांना भिडतात

'कधी-कधीच अडकते, कळत नाही का' ही तक्रार असेल तर इथे बघा.

३.८ मध्ये झाडणी केव्हा होते? नवी वस्तू बनताना मर्यादा ओलांडली की. कोणत्या थ्रेडमध्ये? जो त्या क्षणी ती वस्तू बनवत होता त्यात. कलेक्टरचा स्वतःचा थ्रेड नसतो. म्हणजे तुमच्या क्लासचं 'डेल' मेथड, दोन्ही बाजूंना दोन अंडरस्कोअर असलेलं आणि वस्तू मरताना आपोआप चालणारं, कुठल्याही थ्रेडमध्ये, कोडच्या कुठल्याही ओळीवर चालू शकतं.

आता फोटो दाखवणारी छोटी खिडकी घ्या. खिडकीचा ऑब्जेक्ट बटण धरतो, बटणाच्या कमांडमध्ये त्याच खिडकीची मेथड असते, झालं वर्तुळ. त्यात 'फोटोइमेज' ही आहे. ऑपरेटरनं खिडकी बंद केली, डोळ्यांपुढून गेली, पण पायथॉनमधलं वर्तुळ तसंच उरलं. थोड्या वेळानं पोर्ट वाचणाऱ्या थ्रेडमध्ये झाडणी लागली आणि त्यानं ते वर्तुळ उचललं. 'फोटोइमेज' च्या 'डेल' मेथडला टीकेला सांगायचं असतं की चित्र पुसून टाक. टीके मुख्य थ्रेडचं आहे, म्हणून पोर्टवाला थ्रेड निरोप देऊन उत्तराची वाट बघत बसतो. त्याच वेळी त्याच्या हातात एखादं लॉक असेल आणि मुख्य थ्रेड त्याच लॉकसाठी थांबला असेल, तर दोघंही कायमचे बसले. काही वेळा 'मेन थ्रेड इज नॉट इन मेन लूप' असा एरर दिसतो. टीकेचा इंटरप्रिटरच चुकीच्या थ्रेडमध्ये मोडीत निघाला तर 'टीसीएल_असिंकडिलीट' चा संदेश देऊन अख्खा प्रोग्राम कोसळतो. असा संदेश दिसला तर पोर्टची वायर बदलण्यात दिवस घालवू नका.

उपाय तीन थरांत करा. खिडकी बंद करतानाच, मुख्य थ्रेडमध्ये, वर्तुळ हातानं तोडा: फोटो, बटण, कमांड यांच्या जागी 'नन' (काहीच नाही) ठेवा. टीकेची कोणतीही वस्तू दुसऱ्या थ्रेडला किंवा क्यूला देऊ नका. आणि तिसरा, मला सर्वांत खात्रीचा वाटतो तो: प्रोग्राम सुरू होताना 'जीसी डॉट डिसेबल' करा आणि झाडणी मुख्य थ्रेडमधून 'आफ्टर' नं स्वतः लावा. लहान पिढ्यांसाठी दर काही सेकंदांनी 'जीसी डॉट कलेक्ट(१)'. पूर्ण झाडणी मात्र काटा रिकामा असताना, म्हणजे वजन शून्यावर स्थिर झाल्यावर. तेव्हा अर्धा सेकंद थांबा पडला तरी कोणाचं अडत नाही. 'डिसेबल' नं फक्त वर्तुळांची आपोआप झाडणी थांबते, मोजणी शून्य झालेल्या वस्तू पूर्वीसारख्या लगेच मरतातच.

स्वतःच्या क्लासमध्ये 'डेल' मेथड लिहायचंच टाळा. लॉक घेणारं 'डेल' तर मुळीच नको: ते लॉक हातात असलेल्या थ्रेडमध्येच झाडणी लागली तर थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसतो. मरणाऱ्या वस्तूला निरोप द्यायचाच असेल तर ३.७ पासूनचा 'सिंपलक्यू' वापरा. त्याचा 'पुट' अशा जागी चालेल असाच बांधलेला आहे, साध्या क्यूचा तसा नाही.

अडकलाच तर

गोठलेल्या प्रोग्रामला विचारायची सोय आधीच करून ठेवावी लागते. सुरुवातीला एक फाइल उघडा, ती शेवटपर्यंत उघडीच राहू द्या, आणि 'फॉल्टहँडलर डॉट डंप_ट्रेसबॅक_लेटर' ला ३० सेकंद आणि ती फाइल द्या. मुख्य थ्रेड दर १० सेकंदांनी हीच हाक पुन्हा देत राहिला की घड्याळ नव्यानं सुरू होतं. मुख्य थ्रेड गोठला तर ३० सेकंदांनी सगळे थ्रेड कोणत्या ओळीवर उभे आहेत ते फाइलमध्ये उतरतं. त्यात दोन थ्रेड लॉक घेण्याच्या ओळीवर दिसले तर लॉकची अदलाबदल झाली आहे. एकानं आधी 'अ' मग 'ब' घेतलं, दुसऱ्यानं उलट. सगळीकडे क्रम एकच ठेवा. मुख्य थ्रेडच पोर्ट किंवा नेटच्या ओळीवर उभा असेल तर ते काम तिथून हलवा.

बंद करण्याचं थोडक्यात. थ्रेडला थांबवण्यासाठी 'इव्हेंट' वापरा, 'स्लीप(५)' ऐवजी 'इव्हेंट.वेट(५)' लिहा, पोर्टला १ सेकंदाचा टाइमआउट द्या, शेवटी 'जॉइन' करा, म्हणजे तो थ्रेड संपेपर्यंत थांबा. डेमन थ्रेड प्रोग्राम संपताना अर्ध्यातच तोडले जातात, म्हणून लिहिणारा थ्रेड डेमन नको. लाइट गेली तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. प्रत्येक गाडीनंतर कमिट केलेलं (डेटाबेसमध्ये पक्कं लिहिलेलं) असेल तेवढंच वाचतं.

नवी आवृत्ती घ्यावी का

नवा पीसी येणार असेल तर जरूर. ३.१२ पासून आपोआप होणारी झाडणी वस्तू बनतानाच्या अधल्यामधल्या क्षणी होत नाही, इंटरप्रिटरच्या (पायथॉनचा कोड चालवणाऱ्या भागाच्या) ठरलेल्या थांब्यांवरच होते. वरचे काही अपघात त्यानं कमी होतात, पण झाडणी कोणत्या थ्रेडमध्ये लागेल हे अजूनही ठरलेलं नाही, म्हणून टीकेचा नियम पाळावाच लागतो. जीआयएल नसलेला पायथॉन ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये प्रायोगिक म्हणून आला आणि २०२५ च्या ३.१४ मध्ये अधिकृतपणे स्वीकारला गेला, तरी तो वेगळा निवडून घ्यावा लागतो. त्यात वस्तूची मोजणी दोन भागांत ठेवतात, मालक थ्रेडची वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी, आणि झाडणीच्या वेळी सगळे थ्रेड थांबवतात. काट्याला त्याचा फायदा नाही. उलट आजवर जीआयएलच्या आडोशानं लपलेल्या चुका तिथे उघड्या पडतील. नेहमीचाच घ्या, ६४-बिट घ्या, आणि बदल एप्रिल-मेमध्ये करा, आवक आटल्यावर. खोटा काटा आधी जुन्या आवृत्तीवर रात्रभर चालवा, मग त्याच फाइलसह नव्यावर, आणि पाच-पाच मिनिटांच्या ओळींचे दोन्ही लॉग शेजारी ठेवून मेमरीचा रकाना वाचा.